वशिल्याविरुद्ध वीस पानं

‘आपला कुठे वशिला नाही, तेव्हा अभ्यास करायचा,’ हे वाक्य बाबांनी मला किती वेळा ऐकवलं असेल, मोजदाद नाही. दहावीला ऐकवलं, बारावीला ऐकवलं, आणि स्पर्धा परीक्षा द्यायला पुण्याला निघाले तेव्हा एसटीच्या खिडकीतून पुन्हा एकदा ऐकवलं. बाबा एका तालुक्याच्या कचेरीत कारकून म्हणून लागले आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. घरात देवघराशेजारच्या फळीवर त्यांचं सामान असायचं. दाभण, डिंकाची बाटली, लाल फितीचं रीळ आणि बुटाच्या नाडीसारखे, टोकाला पत्रा वळवलेले टॅग. त्या टॅगनी मी लहानपणी बाहुलीच्या वेण्या बांधल्या आहेत आणि त्याबद्दल धपाटेही खाल्ले आहेत.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत मी चार वर्षं काढली. प्लॅस्टिकची खुर्ची, त्यावर घरून आणलेली उशी, भिंतीवर नकाशा, आणि शेजारच्या मुलीचं तोंडातल्या तोंडात चाललेलं कलमांचं पाठांतर. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेले, एकदा मुलाखतीपर्यंत. मुलाखतीत एका सभासदांनी विचारलं, ‘लग्न झाल्यावर नोकरी करणार ना, की जागा अडवून ठेवणार?’ काय उत्तर दिलं ते आता आठवतही नाही. सहा मार्कांनी राहिलं. त्या सहा मार्कांचा हिशेब मी पुढे पुष्कळ दिवस करत होते.

लोकप्रशासनाच्या नोट्समध्ये तेव्हा एक ओळ होती: ‘नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवाल, 1854.’ खाली आणखी दोन: ‘लोकसेवा आयोग, 1855. खुली स्पर्धा, 1870.’ सनावळी पाठ करायची आणि पुढे जायचं. आता मी भाषांतराची कामं करते, परीक्षा कधीच सुटली, आणि इंग्लंडच्या सरकारी नोकरभरतीवरचा तो अहवाल पहिल्यांदा मुळातून वाचला तो चाळिशीत. जेमतेम वीसेक पानांचा आहे. ज्या रांगेत मी चार वर्षं उभी होते त्या रांगेचं पहिलं टोक म्हणजे ही वीस पानं, आणि ती मला कोणी कधी वाचायला दिली नव्हती.

वाचताना पहिलं काय वाटलं असेल तर हसू आलं. सरकारी कागद इतका तिखट असतो यावर विश्वास बसेना. इंग्लंडच्या सरकारी खात्यांत नोकरीला कोण येतं, तर महत्त्वाकांक्षा नसलेले, आळशी किंवा नालायक. ज्या मुलांचा वकिलीत, वैद्यकीत, व्यापारात निभाव लागणार नाही, ज्यांची प्रकृती तोळामासा आहे, त्यांना आईबाप आणि नातलग इथे चिकटवून देतात, कारण काम बेताचं, धोका काही नाही आणि शेवटी पेन्शन. मग यातली पुष्कळ मंडळी आजारी रजेवर. हे सगळं शहाजोग इंग्रजीत लिहिलेलं, खाली दोन सह्या, तारीख 23 नोव्हेंबर 1853. छापून बाहेर आलं ते पुढच्या फेब्रुवारीत. ज्यांच्याबद्दल लिहिलं होतं ते सगळे अजून खुर्चीत बसलेले होते. केवढा गहजब झाला असेल!

त्या काळच्या कारभाराची रीत अशी. नोकरी ही ‘मिळवायची’ गोष्ट नव्हती, ‘द्यायची’ होती. कोण देणार, तर मंत्री, आणि मंत्र्यांच्या वतीनं सत्ताधारी पक्षाचा प्रतोद. त्याचं अधिकृत पद खजिन्याचा, म्हणजे तिकडच्या अर्थखात्याचा, संसदीय सचिव, पण सगळे त्याला सरळ ‘पॅट्रोनेज सेक्रेटरी’ म्हणत. मराठीत करायचं तर वशिला सचिव. आपल्याकडे वशिला चालतो तो निदान चोरून. तिथे त्याला दालन होतं. खासदारानं मतदारसंघातल्या एखाद्या वजनदार माणसाच्या भाच्यासाठी चिठ्ठी द्यायची, प्रतोदानं ती लक्षात ठेवायची, आणि मतदानाच्या वेळी खासदारानं ते उपकार लक्षात ठेवायचे. भाचा सतराव्या-अठराव्या वर्षी एखाद्या खात्यात लागायचा आणि पुढची वर्षानुवर्षं पत्रांच्या नकला करत बसायचा. कार्बन नाही, टंकलेखन यंत्र नाही, म्हणजे सरकार चालायचं ते नकलांवर. हुशार पोरगा असला तरी पाच-सात वर्षांत त्याचा शाईचा बोरू व्हायचा. वरच्या जागा रिकाम्या झाल्या की मग बाहेरून कोणी तरी आणून बसवायचं, तोही ओळखीतला.

अहवालानं सांगितलेले उपाय आज इतके साधे वाटतात की यात सांगण्यासारखं काय, असं कोणीही म्हणेल. भरती लेखी परीक्षेनं करा. परीक्षा घ्यायला स्वतंत्र मंडळ नेमा. डोक्याचं काम आणि हाताचं काम वेगळं करा, दोन्हींसाठी वेगळी माणसं घ्या. बढती गुणांवर द्या. आणि हे सगळं पार्लमेंटच्या कायद्यानं पक्कं करा. या शेवटच्या शिफारशीकडे मी परत येणार आहे, कारण तिची गंमत फार उशिरा कळते.

अहवालावर पहिली सही सर स्टॅफर्ड नॉर्थकोटची, आणि दुसरी सर चार्ल्स ट्रेव्हेलियनची. हा दुसरा माणूस मला अजून सुटत नाही. 1826 मध्ये तो कंपनी सरकारच्या बंगालच्या नोकरीत आला, दिल्लीला नेमणूक झाली. वय नुकतंच विशीतलं. तिथला रेसिडेंट सर एडवर्ड कोलब्रुक, वयानं आणि मानानं कितीतरी मोठा, पैसे खातो असं या पोरानं उघड म्हटलं, पुरावे दिले, आणि कोलब्रुकला घरी जावं लागलं. आपल्या साहेबाविरुद्ध नुसता अर्ज करायचा तर काय छाती लागते हे कचेरीत नोकरी केलेल्याला विचारा. बाबांनी एकदा फक्त एका दौऱ्याच्या भत्त्याबद्दल शेरा मारला होता, तर तीन वर्षं बदलीची टांगती तलवार होती.

‘सिव्हिल सर्व्हिस’ हा शब्दसुद्धा कंपनीचा. लष्करी नोकर वेगळे, मुलकी वेगळे, म्हणून पडलेलं नाव. ते हिंदुस्थानातून विलायतेला गेलं. कंपनीनं आपल्या उमेदवारांसाठी 1806 मध्ये कॉलेज काढलं होतं, तेच पुढे हेलीबरीला गेलं. तिथे परीक्षा होत, हजेरी होती, पौर्वात्य भाषा शिकवत. लंडनच्या सरकारी खात्यांत यातलं काहीच नव्हतं. म्हणजे वसाहतीचा कारभार मायदेशापेक्षा जरा जास्त नेटका होता, आणि ट्रेव्हेलियननं तो नेटकेपणा परत नेला. पण एक बारीकशी गोष्ट इथे नोंदवते. हेलीबरीत शिरायला कंपनीच्या डायरेक्टराची शिफारस लागायची. तिच्याशिवाय दारात उभं करत नसत. वशिला मोडायला निघालेला माणूस स्वतः शिफारशीच्या दारातूनच आत आला होता.

आणि त्याचा मेव्हणा मेकॉले. 1834 मध्ये कलकत्त्यात मेकॉलेची बहीण हॅना हिच्याशी ट्रेव्हेलियनचं लग्न झालं. पुढे 1854 मध्ये इकडे ट्रेव्हेलियनचा अहवाल गाजत होता, आणि तिकडे हिंदुस्थानच्या नोकरीसाठी खुली परीक्षा कशी घ्यायची हे ठरवणाऱ्या समितीच्या अध्यक्षपदी मेकॉले. सगेसोयऱ्यांचा कारभार बंद करण्याचं काम दोघा सगेसोयऱ्यांनी वाटून घेतलं, असं म्हटलं तर खोटं नाही.

इथवर ट्रेव्हेलियन मला आवडतच होता. मग आयर्लंड आलं. 1840 पासून तो खजिन्यात होता, पद सहायक सचिवाचं पण खात्याचा कायमचा कर्ताधर्ता तोच. 1845 मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला, दुष्काळ पडला, आणि मदतीच्या कामाची सूत्रं याच्या टेबलावर आली. तो रात्रंदिवस राबला, एकेक आकडा तपासला, एक पैसा कुठे खाल्ला जाऊ दिला नाही. आणि त्याच टेबलावरून मदत आखडती घेतली गेली. फुकटचं दिलं तर माणसं आळशी होतील, धान्याच्या बाजारात सरकारनं हात घालू नये, आणि ही आपत्ती म्हणजे विधात्यानं दिलेला धडा आहे, अशी त्याची मनापासूनची समजूत होती. दहा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीनं आणि रोगराईनं गेली. 1848 मध्ये, दुष्काळ संपलेला नसताना, त्याला सर ही पदवी मिळाली. आयर्लंडमध्ये त्याचं नाव आजही शिवीसारखं घेतात.

मला या माणसाचे दोन तुकडे करता येईनात. लाच न खाणारा, वशिला न मानणारा, कागद स्वच्छ ठेवणारा हाच, आणि त्या स्वच्छ कागदावरून माणसं घसरून पडली तरी न हलणारा हाच. बाबांच्या कचेरीत असे एक नायब तहसीलदार होते. त्यांच्या प्रामाणिकपणाचे दाखले सगळे देत, आणि टंचाईच्या दिवसांत त्यांच्याकडे टँकरची मागणी घेऊन जायला मात्र कोणी धजत नसे.

बरं, ही परीक्षा सगळ्यांसाठी होती का? ग्लॅडस्टन तेव्हा अर्थमंत्री. अहवाल त्यानंच मागवला होता. माजी पंतप्रधान लॉर्ड जॉन रसेलला या योजनेची धास्ती होती. त्याला ग्लॅडस्टननं जानेवारी 1854 मध्ये जे पत्र लिहिलं त्यात मखलाशी नाही, सरळ म्हटलं आहे: या योजनेनं वरच्या वर्गांचं सत्तेशी असलेलं नातं तुटणार तर नाहीच, उलट घट्ट होईल. हिशेब उघड होता. डोक्याच्या कामाची परीक्षा ठेवायची ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पदवीच्या तोडीची. मग ती पास कोण होणार? वशिला सरदारांच्या धाकट्या मुलांना पोसत होता, परीक्षा पाद्र्यांच्या आणि डॉक्टरांच्या मुलांना पोसेल; पण शेतमजुराचा पोरगा काही येणार नाही, काळजी नसावी.

मेकॉलेच्या समितीनं मार्कांची वाटणी केली तीही पाहण्यासारखी आहे. एकूण 6875 गुण. ग्रीकला 750, लॅटिनला 750, संस्कृतला 375 आणि अरबीला 375. नोकरी करायची हिंदुस्थानात! हे आकडे पाहिले आणि माझे सहा मार्क मला जरा हलके वाटले.

पण मार्कांची खरी गंमत अशी, की एकदा चाळणी टांगली की तिच्यातून कोण खाली येईल हे टांगणाऱ्याच्या हातात राहत नाही. 1863 मध्ये सत्येंद्रनाथ टागोर पास झाले. नेमणूक मुंबई इलाख्यात झाली, आणि नोकरीच्या अखेरीस ते साताऱ्याला न्यायाधीश होते. त्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले, ही त्या 375 मार्कांच्या पलीकडची कमाई. मग 1869 मध्ये एकदम चौघं पास झाले: रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्ता, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, आणि चौथे आपले श्रीपाद बाबाजी ठाकूर. निकाल लागला आणि लगेच बखेडा उभा राहिला. बॅनर्जी आणि ठाकूर यांची वयं जास्त आहेत, मर्यादा एकवीसची, सबब नावं रद्द.

झालं होतं असं. सुरेंद्रनाथांनी कलकत्त्यात मॅट्रिकच्या अर्जात वय सोळा लिहिलं होतं. आपल्याकडे वय सांगायची रीत काय? ‘सोळावं लागलं.’ म्हणजे पंधरा पूर्ण, सोळावं चालू. आजीला वय विचारलं तर ती अजूनही असंच सांगेल. लंडनच्या आयोगाच्या लेखी सोळा म्हणजे सोळा पूर्ण. त्या एका वर्षाच्या फरकानं दोघांचे पास झालेले पेपर केराच्या टोपलीत जायची वेळ आली. सुरेंद्रनाथांनी तिथल्या कोर्टात दाद मागितली, हिंदुस्थानात वय कसं मोजतात याचे दाखले गोळा केले, आणि शेवटी आयोगानं दोघांनाही परत घेतलं. प्रकरण इतिहासात सुरेंद्रनाथांच्या नावावर आहे आणि ठाकुरांचं नाव आपल्यालाही फारसं ठाऊक नाही. मला मात्र ठाकुरांचाच विचार येतो. हजारो मैलांवर, थंडीत, भाड्याच्या खोलीत बसलेला एक मराठी मुलगा. अभ्यास झाला, परीक्षा झाली, पास झाला. आणि आता अडलं कशाला, तर ‘लागलं’ आणि ‘भरलं’ या दोन क्रियापदांना.

ही परीक्षा होती हिंदुस्थानच्या नोकरीसाठी, आणि ती 1855 पासून खुली होती. खुद्द इंग्लंडच्या खात्यांमध्ये मात्र खुली स्पर्धा यायला 1870 उजाडलं. मधली पंधरा वर्षं काय चाललं होतं, हा या गोष्टीतला माझा सर्वात आवडता भाग.

मे 1855 मध्ये आयोग स्थापन झाला खरा, पण त्याला अधिकार दिला फक्त तपासणीचा. नावं पूर्वीसारखीच मंत्री आणि प्रतोद सुचवणार. आयोगानं बघायचं, पोराला शुद्धलेखन आणि त्रैराशिक येतं की नाही. पुढे काही जागांसाठी ‘मर्यादित स्पर्धा’ आली, म्हणजे एका जागेला तीन नावं पाठवायची आणि त्यातला पहिला घ्यायचा. आता तिन्ही नावं जर एकच माणूस पाठवणार असेल तर? वशिला सचिव होते सर विल्यम हेटर. त्यांची गोष्ट अशी सांगतात की त्यांनी दोन महाठोंबे हाताशी धरून ठेवले होते. कोणतीही परीक्षा द्या, हे दोघे हमखास नापास. आपल्या माणसाला जागा द्यायची असली की हेटरसाहेब त्याच्याबरोबर या दोघांना परीक्षेला बसवत. स्पर्धा रीतसर व्हायची, उत्तरपत्रिका तपासल्या जायच्या, आणि आपला माणूस गुणवत्तेनं पहिला यायचा! खात्यात त्या जोडीला ‘ट्रेझरी इडियट्स’ म्हणत, खजिन्याचे ठोंबे. त्यांना दरवेळी जाण्यायेण्याचा खर्च मिळत असेल का, असा प्रश्न मला पडतो. एक प्रकारची कायम नोकरीच होती ती.

1870 मध्ये अर्थमंत्री रॉबर्ट लो आणि पंतप्रधान झालेला ग्लॅडस्टन यांनी 4 जूनच्या हुकुमानं खुली स्पर्धा आणली, तीही ज्या खात्याच्या मंत्र्याची तयारी असेल त्यालाच लागू. परराष्ट्र खातं आणि गृहखातं बाहेर राहिलं. परराष्ट्र खात्याला तर वाटायचं, परदेशी वकिलातीत मेजवानीला बसायचं तर ते लेखी परीक्षेनं कसं कळणार?

बायकांचं सांगायचं तर तार आणि पोस्ट खात्यांनी त्यांना 1870 च्या सुमारास घेतलं, कारण त्या स्वस्त पडत आणि लग्न झालं की आपोआप जात. जात म्हणजे जावंच लागे. लग्न केलं की राजीनामा हा नियमच होता. सहा वर्षं नोकरी झालेली असेल तर जाताना हातावर एक रक्कम ठेवत, लग्नाची बक्षिसी म्हणा. वरच्या दर्जाच्या खुल्या परीक्षेतून पहिल्या बायका आल्या 1925 मध्ये. पुढच्याच वर्षी आलेली एव्हलिन शार्प 1955 मध्ये एका मंत्रालयाची कायम सचिव झाली, त्या पदावर पोचलेली पहिली स्त्री. ती अविवाहित होती. लग्नाचा नियम देशांतर्गत खात्यांतून उठला तो 1946 मध्ये, आणि परराष्ट्र सेवेतून 1973 मध्ये. माझ्या मुलाखतीतला तो प्रश्न त्या सभासदांना काही आभाळातून सुचला नव्हता. तो नियम म्हणून जगला, मग नियम मेला आणि प्रश्न तेवढा उरला.

या सगळ्यातून जी व्यवस्था उभी राहिली तिची एक न लिहिलेली बोली होती. आम्ही तुला वशिल्यानं आणणार नाही आणि पक्ष बदलला म्हणून काढणारही नाही; तू तुझं मत फाईलवर मांडायचं, निर्णय झाला की मुकाट्यानं राबवायचा, आणि बाहेर तोंड उघडायचं नाही. ही बोली पहिल्यांदा वाजतगाजत मोडली कोणी? खुद्द ट्रेव्हेलियननं. 1859 मध्ये तो मद्रासचा गव्हर्नर होऊन आला. कलकत्त्याहून प्राप्तिकर लादायचं ठरलं, ते याला पटलं नाही, आणि यानं आपलं विरोधी टिपण सरळ वर्तमानपत्रांना देऊन टाकलं. वर्षभरात त्याला परत बोलावलं. सव्वाशे वर्षांनी क्लाइव्ह पॉन्टिंग या संरक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यानं फॉकलंड युद्धात ब्रिटिशांनी बुडवलेल्या अर्जेंटिनाच्या ‘बेलग्रानो’ जहाजाचे कागद एका खासदाराला पाठवले. खटला चालला, न्यायाधीशाचा रोख त्याच्या विरुद्ध होता, तरी 1985 मध्ये ज्युरीनं त्याला सोडून दिलं. त्याच महिन्यात मुलकी सेवेच्या प्रमुखांचं टिपण निघालं, की नोकरांना सरकारपासून वेगळं असं काही अस्तित्व नाही.

सुधारणांचे अहवाल त्यानंतरही पुष्कळ आले, आणि ते वाचताना मला आमच्या गल्लीतल्या रस्त्याची आठवण येते. दर दोन वर्षांनी खणतात, खाली काय सापडतं तर मागच्या वेळची पाइपलाइन. 1968 च्या फुल्टन समितीनं पहिल्याच वाक्यात म्हटलं की आजची सेवा अजून नॉर्थकोट-ट्रेव्हेलियनच्या विचारातच अडकली आहे. ग्रीक-लॅटिन शिकलेले हौशी लोक अणुभट्ट्यांच्या फाईली पाहतात, इंजिनियर आणि अर्थतज्ज्ञ बाजूला बसतात, आणि खात्याखात्यांतले नोकरांचे वर्ग धरले तर चौदाशेच्या वर! शिफारशी 158. त्यातून एक नवं खातं आणि एक कॉलेज निघालं. ते खातं थॅचरबाईंनी 1981 मध्ये बंद केलं आणि कॉलेजही पुढे नावं बदलत 2012 मध्ये मिटलं. थॅचरबाई आल्या तेव्हा नोकरांची संख्या होती 7 लाख 32 हजार. त्यांनी काटकसर शोधायला मार्क्स अँड स्पेन्सरमधून डेरेक रेनर आणले, 1988 पासून कामं स्वतंत्र एजन्सींकडे वळवली. 2016 च्या सुमारास आकडा चार लाखांखाली आला, आणि युरोपातून बाहेर पडायचं ठरल्यावर पूर्वी ब्रसेल्समध्ये होणारी कामं घरी करावी लागल्यानं, आणि मग कोविडची साथ आल्यानं, तो पुन्हा पाच लाखांवर गेला.

आणि ती कायद्याची शिफारस? 1854 मध्ये छापलेल्या त्या वीस पानांतली, ‘हे कायद्यानं पक्कं करा’? तो कायदा झाला एप्रिल 2010 मध्ये. एकशे छप्पन्न वर्षांनी. बाबांच्या कचेरीत एक वाक्प्रचार होता, ‘फाईल फिरते आहे.’

कायदा झाला म्हणून बोली पक्की झाली असंही नाही. सप्टेंबर 2022 मध्ये लिझ ट्रस पंतप्रधान झाल्या आणि दोन दिवसांत खजिन्याचे कायम सचिव टॉम स्कॉलर यांना घरी पाठवलं, म्हणजे एका अर्थी ट्रेव्हेलियनच्याच खुर्चीतल्या माणसाला. मग अर्थसंकल्पवजा घोषणा झाली, पौंड आपटला, आणि दीड महिन्यात पंतप्रधानही घरी.

मागच्या वर्षी मावसबहिणीकडे लंडनला, हॅरोला गेले होते. तिनं राजवाडा, पूल, मेणाचे पुतळे अशी यादी केली होती. मी एक दिवस मागून घेतला आणि क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गेले. दारातच पेन काढून ठेवायला लावतात. आत फक्त पेन्सिल. कागद ठेवायला फोमच्या उशा. मी खजिन्याची एक जुनी फाईल मागवली, विषय अगदीच किरकोळ, मुद्दाम. वरचा कागद उभ्या घड्यांचा, घडीच्या पाठीवर विषय आणि तारीख लिहिलेली. आत एकाखाली एक टिपणं, समासात आद्याक्षरं, कुठे ‘पाहिले’, कुठे ‘मला मान्य’, कुठे नुसती तिरकी रेघ. माणसाचं पूर्ण नाव कुठेच नाही. मला ते वाचायची गरजच पडेना. भाषा इंग्रजी होती, पण ‘सादर’, ‘मान्यतेस्तव’, ‘कृपया चर्चा करावी’ हे सगळं जागच्या जागी दिसत होतं. आणि कोपऱ्यात भोक पाडून ओवलेला टॅग. आपल्यासारखी नाडी नव्हती ती. बोटभर हिरवा दोरा आणि दोन्ही टोकांना आडव्या काड्या. त्याला तिकडे ‘ट्रेझरी टॅग’ म्हणतात. बाहेर स्टेशनरीच्या दुकानात पाकीट मिळालं, बाबांसाठी घेतलं.

रात्री फोनवर त्यांना सगळं सांगितलं. टॅगचं ऐकून म्हणाले, ‘आडवी काडी? मग कागद काढताना फाटत नसेल, बरं आहे.’ मग हेटरसाहेबांची आणि त्या दोन ठोंब्यांची गोष्ट सांगितली. मला वाटलं होतं खो-खो हसतील. हसले, पण उशिरा, आणि थोडंसंच. मग म्हणाले, ‘आमच्या वेळी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमधून नावं यायची.’

‘माहीत आहे की.’

‘आम्ही तिघं होतो तोंडी परीक्षेला. बाकीच्या दोघांना साधा अर्ज लिहिता आला नाही गं. साहेबांनी सांगितलं, दहा ओळी लिहा, तर एकानं नुसतं नाव लिहिलं.’

मी काही बोलले नाही.

‘तुझे आजोबा त्या वेळी सभापतींच्या शेतावर वाट्यानं होते,’ बाबा म्हणाले. ‘ते दोघं कुठून आले होते, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.’

मग त्यांनी विचारलं, तिकडे जेवणं झाली का.